गंगापूर रोडची ज्यू डेली, मटण पस्ट्रामी आणि मावशींचा व्हॅम्पायर

आधी कामाचं सांगते. मटण पस्ट्रामी (म्हणजे खारवून, धुरावर आणि वाफेवर शिजवलेलं मटण) घ्या, मॅट्झो बॉल सूप घ्या, मिसळ बेगलच्या वाटेला जाऊ नका, आणि गुरुवारी संध्याकाळी जाणार असाल तर चौघं मिळून जा म्हणजे गेम खेळता येईल. ज्यांना एवढंच हवं होतं ते इथूनच कटले तरी चालेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितेय, कारण नाशकात ज्यू डेली उघडलीये असं ऑफिसात सांगितल्यावर अर्ध्या लोकांनी 'व्हेज मिळतं का' विचारलं आणि उरलेल्यांनी 'वाइन मिळते का', बस, विषय संपला. (व्हेज मिळतं. वाइन मिळत नाही, लायसन नाहीये, वाइनच्या गावात राहून लिंबू सोडा प्यायचा.)

जागा गंगापूर रोडला आतल्या गल्लीत आहे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, टेबलं सहा आहेत आणि रविवारी आधीच बाहेर लोक ताटकळत असतात, मला माझी जागा शाबूत ठेवायचीय. शोधणारे शोधतीलच, नाशिक काय एवढं मोठं नाही. आत शिरलं की काचेचा काउंटर, त्यात खारवलेला मासा, सॅलड, लोणच्याच्या बरण्या, मागे पांढऱ्या टाइल्स, आणि एका जाड लाकडी ठोकळ्यावर मालक स्वतः मांस कापत उभा. मुलगा इथलाच आहे, हॉटेल मॅनेजमेंट करून न्यूयॉर्कात काही वर्षं किचनमधे राबून परत आलाय. बोलायला गोड आहे पण त्याला काही विचारलं की सुरी खाली ठेवून साग्रसंगीत उत्तर देतो आणि मागची रांग आपल्याकडे खाऊ की गिळू अशी बघत राहते, तेव्हा प्रश्न विचारायचे असतील तर दुपारी चारला जा, तेव्हा कुणी नसतं.

डेली हा प्रकार धड हॉटेल नाही आणि धड दुकानही नाही. मांस, मासे, लोणची वजनावर घरी न्यायची, नाहीतर तिथेच ब्रेडमधे भरून खायचं. अमेरिकेत अशी दुकानं जर्मन लोकांनी नेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पूर्व युरोपातले ज्यू न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला येऊन राहिले त्यांनी ती आपली करून टाकली. तिथलं कॅट्झ १८८८ पासून चालू आहे. दारात शिरताना हातात एक तिकीट देतात, काउंटरवर जे घ्याल ते त्याच्यावर मांडतात आणि निघताना ते दाखवून पैसे भरायचे, तिकीट हरवलं तर भुर्दंड. आपल्या मालकाने ही तिकिटाची पद्धत जशीच्या तशी उचललीये. गुलाबी कागदाची चिठ्ठी देतात, जी आमच्या ह्यांनी टिश्यू समजून हात पुसायला वापरली आणि मग काउंटरवरच्या पोरीला त्या तेलकट बोळ्यावरून बिल काढावं लागलं. दंड घेतला नाही, पण हसली खूप.

आता पस्ट्रामी. तिकडे ती ब्रिस्केटची म्हणजे गाईबैलाच्या छातीकडच्या मांसाची करतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूही कायद्याने बंद, म्हैस चालते, पण मालक म्हणाला की म्हशीचं ठेवलं असतं तर निम्मं गाव दारातूनच परत गेलं असतं, म्हणून मटण. आता ह्याला कुणी नकली म्हणेल, तर तसं नाहीये. पस्ट्रामी अमेरिकेत गेली ती रुमानियातल्या ज्यूंबरोबर, आणि रुमानियात आजही मेंढीच्या मटणाची पस्त्रामा करतात, ज्यू घरांमधे हंसाची व्हायची. अमेरिकेत बीफ स्वस्त मिळालं म्हणून तिकडे बीफची झाली, एवढंच. म्हणजे नाशकातली मटणाची पस्ट्रामी न्यूयॉर्कपासून लांब असेल पण मूळ गावाच्या उलट जवळच आहे.

करायची पद्धत वेळखाऊ आहे. मीठ, थोडी साखर, लसूण, मसाले घातलेल्या पाण्यात मांस काही दिवस मुरत ठेवायचं, बाहेर काढून कोरडं करायचं, वरून भरड मिरे आणि धणे गच्च थापायचे, मग मंद धुरावर, आणि शेवटी वाफेवर. ही शेवटची वाफ बरेच जण टाळतात आणि मग जे मिळतं ते चांगलं स्मोक्ड मटण असतं पण चामट. इथे टाळलेली नाहीये. तुकडा ठोकळ्यावर येतो तेव्हा अजून वाफाळत असतो, बाहेरून काळाकुट्ट, सुरी घातली की आतून गुलाबी, आणि साल आणि मांसाच्या मधे चरबीची एक बारीक पट्टी जी जवळजवळ वितळलेली असते. मशीनवर पातळ काप काढत नाही तो, हाताने जाड कापतो, रेषांच्या आडवं, म्हणून दाताखाली लगेच सुटतं. पहिल्या घासाला मिरे लागतात, मग धूर, आणि चावून झाल्यावर मागे धणे राहतात, आणि ते धणे आपल्या इतके ओळखीचे आहेत की कुठल्या परक्या देशाचं काही खातोय असं वाटतच नाही. ह्यांनी एरवी 'मटण म्हणजे रस्सा, बाकी सगळं फुकट' असं जन्मभर म्हटलंय, ते पहिलं सँडविच संपायच्या आत दुसरं सांगून मोकळे.

सँडविचमधे काय असतं, तर पस्ट्रामी आणि मोहरीचा सॉस. संपलं. कांदा नाही, टोमॅटो नाही, चीज नाही, मेयो नाही. शेजारच्या टेबलावर एका काकांनी केचप मागितला, मिळाला, पण मालक त्या वेळी दुसरीकडे बघत होता. ब्रेड राय नावाच्या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचा, त्यात जिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे, आणि इथेच थोडी नाराजी आहे, ब्रेड चवीला मस्त आहे पण खालचा काप रसाने भिजून अर्ध्यातच फाटतो. जाड कापला किंवा एका बाजूने शेकून घेतला तर काम होईल, मी सांगितलंय, मान डोलावलीये, बघू. ५२० रुपये. महाग आहे, पण एकात दोघी जणी आरामात जेवतात आणि बरोबर लोणचं येतं.

ते लोणचं वेगळं सांगायला हवं. काकडी, मीठ-पाणी, लसूण आणि शेपू. व्हिनेगर नाही, तेल नाही, तिखट नाही, नुसतं मिठाच्या पाण्यात आंबवलेलं. दोन प्रकार ठेवतात, थोडे दिवस मुरलेलं म्हणजे अजून हिरवं आणि कुरकुरीत, आणि पूर्ण मुरलेलं म्हणजे पिवळसर आणि कडक आंबट. आमच्या घरात शेपूची भाजी केली की तिघं जण बाहेरून जेवून येतात, तीच माणसं ही काकडी बरणीत हात घालून खातात. कच्चं हिरवं घ्या, मुरलेलं आपल्या जिभेला जरा जास्त होतं.

सूप मात्र सगळ्यांसाठी आहे. मॅट्झो म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाची बिनखमिराची रोटी, पिठात पाणी पडल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून व्हायला हवी इतका कडक नियम, म्हणजे पीठ फुगायला वेळच द्यायचा नाही. तिचा चुरा, अंडी आणि कोंबडीची चरबी मिळून गोळे वळायचे आणि चिकनच्या सूपमधे सोडायचे. गोळा हलका तरंगणारा असावा की जड बुडणारा ह्यावर ज्यू घराघरात वाद आहेत म्हणे, इथला तरंगणारा आहे, चमचा लावला की तुटतो. चरबी कांद्याबरोबर मंद आचेवर हे लोक स्वतः काढतात आणि त्याचा जो वास सूपला आहे ना, तो कुठल्याही पाकिटातल्या मसाल्याला यायचा नाही. पावसाळ्यात नाशकात सोमेश्वरला धबधबा बघून भिजून आलात तर सरळ इकडे या. २६० रुपये, वाटी मोठी आहे.

बेगलकडे येऊ. बेगल आधी उकळत्या पाण्यातून काढायचं आणि मग भट्टीत भाजायचं, त्याशिवाय ती चकचकीत साल आणि आतली चिवट लवचिकता येत नाही, नुसतं भोक पाडलेला पाव म्हणजे बेगल नाही. इथे उकळतात, काउंटरच्या कडेने बघितलं तर पातेलं दिसतं. त्यावर तिकडे सामन मासा असतो, मालकाने इथे रावस घेतलाय, मीठ-साखर आणि बिटात मुरवलेला, कडेला जांभळा आणि मधे जवळजवळ पारदर्शक, पातळ काप, खाली क्रीम चीज, वर कच्चा कांदा. भारी आहे. आयात केलेल्या सामनच्या मागे न लागता मुंबईहून ताजा रावस आणतो हे मला फार आवडलं, मॉडर्न मॉडर्न म्हणतात ते असं असावं.

आणि मग तोच माणूस मिसळ बेगल का करतो हे मला खरंच कळत नाही. नाशकात मिसळ हा विषय किती नाजूक आहे हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, रविवारी सकाळी अर्धं शहर मिसळीच्या रांगेत असतं, चुलीवरची की गॅसवरची ह्यावरून मैत्र्या तुटतात. अशा गावात तुम्ही बेगलच्या दोन फाकांवर कोरडी मटकी ठेवणार, त्यावर फरसाण, त्यावर क्रीम चीज, क्रीम चीज!, आणि बाजूला वाटीत चार चमचे तर्री देणार, आणि ३४० रुपये लावणार. पाव तर्री पितो म्हणून मिसळीबरोबर पाव असतो. बेगल उकळून भाजलेलं, त्याच्या सालीवरून तर्री सरळ ताटात उतरते आणि आपण हातात फरसाण सांभाळत बसतो. म्हटलं चला, निदान फोटोला बरं दिसत असेल, तर फोटोतही बरं दिसत नाही. मालकाला विचारलं तर म्हणाला 'ताई, लोक विचारतात काहीतरी आपलं आहे का म्हणून ठेवलंय.' असू दे बाबा. पण आपलं हवं असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे, आणि तो मला दाखवला आमच्या मावशींनी.

मावशी म्हणजे ह्यांच्या मावशी, ठाण्याच्या, आठवडाभर आमच्याकडे होत्या. त्यांना 'ज्यू लोकांचं जेवण खायला जाऊ' म्हटलं तर त्या खुश, कारण ठाण्याला त्यांच्या चाळीत बेने इस्राएली कुटुंब होतं, लहानपण त्यांच्याकडेच गेलेलं. मेनू हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "अगं ह्यात मलिदा कुठाय? नारळाच्या दुधातला मासा कुठाय? हे कसले ज्यू?"

आता मावशींचं म्हणणं चुकीचं नाही आणि मालकाचंही नाही. डेलीतलं सगळं जेवण पूर्व युरोपातल्या ज्यूंचं, थंडीचे देश, बटाटा, कोबी, काकडी, कोंबडीची चरबी. आपल्याकडचे बेने इस्राएली कोकणातले, अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, नवगावकर. घरात मराठी. मुंबईत मस्जिद बंदरला त्यांचं १७९६ मधे सुरू झालेलं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळ आहे, आणि २०१६ मधे राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जाही दिला, तोवर बरेच जण इस्राएलला निघून गेले होते ते सोडा. त्यांचा मलिदा म्हणजे पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळं, नवस फेडायला किंवा शुभकार्याला एलियाहू हानबी ह्या प्रेषिताच्या नावाने करतात. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा नियम जगभरच्या ज्यूंचा, कोकणात नारळ हाताशी होता, त्यामुळे रस्साही नारळाच्या दुधाचा आणि नवीन वर्षाचा चिकाचा हलवासुद्धा नारळाच्या दुधातला, गव्हाचा चिक काढून केलेला. मावशींनी हलव्याचं वर्णन करता करता काउंटरपर्यंत मजल मारली आणि मालकाला चिक कसा काढायचा ते सांगायला लागल्या, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वगैरे. रांग थांबली. कुणी काही बोललं नाही, मावशींच्या आवाजात ते सामर्थ्य आहे.

तर मालकसाहेब, वाचत असाल तर, क्रीम चीजवाली मिसळ काढा आणि मलिद्याची एक छोटी प्लेट ठेवा. तो म्हणाला की त्या समाजातल्या कुणाकडून नीट शिकल्याशिवाय ठेवणार नाही, हे उत्तर मला पटलं. मिसळ कुणाकडून शिकला तेवढं विचारायचं राहिलं.

व्हेजवाल्यांसाठी पटकन. लाटके घ्या, किसलेल्या बटाट्या-कांद्याचे तळलेले चपटे वडे, कडा कुरकुरीत, बरोबर सफरचंदाचा गोडसर सॉस आणि आंबट क्रीम (अंडं असतं त्यात, आधी विचारा, न घालता पण करून देतात). बिटाची पस्ट्रामी ठीक, मसाला तोच असल्याने खपून जाते. क्निश, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली भाजलेली कचोरी, जड आहे. बाबका नावाचा चॉकलेटचा पिळा दिलेला ब्रेड मिळतो, फार गोड, अर्धा घरी नेला. सेलरीचा सोडा स्वतः बनवतात, तो मला आवडला, बाकी टेबलावर कुणालाच नाही.

एक गोष्ट स्पष्ट, ही जागा कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणारी, नाहीये आणि फळ्यावर तसं सरळ लिहिलंय. मेनूत रूबेन आहे ज्यात मांसावर चीज वितळवतात, म्हणजे नियमाच्या बरोबर उलट, न्यूयॉर्कच्या बऱ्याच डेलींमधेही मिळतं, कॅट्झसुद्धा कोशर नाही. मावशींनी तिथे अजून एक गोष्ट सांगितली, शेजारच्या काकू मटण आणलं की अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, मग तासभर भरड मीठ लावून, मग परत धुवायच्या, रक्ताचा थेंब पोटात जाता कामा नये. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

गुरुवारी इथे गेम नाइट असते. भिंतीवर मोठा टीव्ही, चार कंट्रोलर, माणशी ३०० रुपयांची ऑर्डर करा आणि तासभर खेळा. आम्ही गेलो त्या दिवशी 'मॉन्स्टर प्रॉम' होता. बार्सिलोनाच्या ब्यूटिफुल ग्लिचने केलेला, २०१८ च्या एप्रिलचा गेम, म्हणजे नवा नाही, पण चौघांनी एका सोफ्यावर बसून खेळायला अजूनही त्याच्या तोडीचे कमी आहेत. कथा अशी की भुताखेतांची शाळा, शेवटचा मोठा नाच तीन आठवड्यांवर आलाय, आणि त्याच्या आत तुम्ही कुणालातरी पटवायचं. पटवायला सहा जण, त्यात लांडगा होणारा पैलवान टाइप मुलगा, आग लावत सुटणारा राक्षस, डोक्यावर साप असलेली धंदेवाईक मुलगी, पार्टीबाज भूत, जलपरी राजकन्या, आणि आपला लियम, हिपस्टर व्हॅम्पायर. रक्त वगैरे पिऊन कुणाला घाबरवणं हा त्याचा विषयच नाही, त्याचा विषय हा की जे सगळ्यांना आवडतं ते आपल्याला आवडता कामा नये.

माझा दीर ओंकार ह्यात मुरलेला. त्याने मावशींना समजावलं, "मावशी, हा म्हणजे नाशिकचा असता तर मिसळ खाल्ली नसती, का तर सगळे खातात."

मावशी म्हणाल्या, "मग त्याला ती बेगलवाली दे की, ती कुणालाच आवडत नाही."

मावशींना लियमच हवा. का तर 'एवढा नाक वर करून बसलाय, बघतेच.' त्यांनी टाके घातलेली निळी मुलगी घेतली, मी ज्वाळांचे केस असलेली, ह्यांना झॉम्बी आला, ओंकारला उरलेला. सुरुवातीला गेम काही वेडगळ प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तरांवरून तुमचे सुरुवातीचे गुण ठरतात, हुशारी, धाडस, कल्पकता, छाप पाडणं, मजा आणि पैसा. मग दर पाळीला शाळेत कुठे जायचं ते निवडा, लायब्ररी, जिम, बाथरूम, तिथे एक प्रसंग घडतो, दोन पर्याय येतात, आणि कुठला पर्याय कुठल्या गुणावर तपासला जाणार हे आधी सांगत नाहीत. दुपारच्या जेवणाला कॅन्टीनमधे कुणाच्या टेबलावर बसायचं ते ठरवा. शेवटी नाचाला विचारा, हो नाहीतर तोंडावर नाही. पाळी कुणाची आधी हे ठरवायलासुद्धा गेम एक वात्रट प्रश्न टाकतो आणि तुम्ही आपापसात भांडून ठरवायचं, आमच्याकडे ह्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला कारण मावशी कुठलंच भांडण सोडत नाहीत.

गेममधे वाचायला प्रचंड आहे आणि सगळं इंग्रजी. मोठ्याने वाचायचं, आवाज काढून, तरच मजा. ओंकार वाचत होता आणि मावशींसाठी मराठीत सांगत होता, आणि इथे खरी करमणूक झाली, कारण गेममधले विनोद चावट आहेत, शिव्या आहेत, नशापाणी आहे, आणि बिचारा पोरगा आईच्या बहिणीला ते सांगणार कसं. चार ओळींचा संवाद आला की हा म्हणायचा, "तो म्हणतो, आपण बाहेर जाऊ." मावशींनी दोनतीनदा ऐकून घेतलं, मग चष्मा वर केला, "एवढं लांब इंग्रजी आणि तुझं मराठी चारच शब्द? मी बँकेत तीस वर्षं काढलीयेत ओंकार, मला वाचता येतं." मागच्या टेबलावरचे लोक पण हसायला लागले. त्यानंतर ओंकार खाली बघून जसंच्या तसं वाचत गेला आणि मावशी पर्याय निवडत गेल्या. लहान मुलांना मात्र घेऊन जाऊ नका, कार्टूनसारखं दिसतं म्हणून फसाल.

मधे ह्यांनी शंका काढली की हा व्हॅम्पायर ह्या हॉटेलात आला तर काय खाईल. व्हॅम्पायरला लसूण चालत नाही म्हणतात, आणि इथे काकडीत लसूण, सूपमधे लसूण, पस्ट्रामीत लसूण. मी म्हटलं खरं कोशर हॉटेल असतं तर ह्याचं अजूनच अवघड, मीठ लावून शेवटच्या थेंबापर्यंत रक्त काढून टाकलेलं मटण, बसा उपाशी. "म्हणून तो असा आंबट तोंडाचा," मावशी म्हणाल्या, आणि लोणच्याची अजून एक वाटी मागवली.

मावशींनी पूर्ण खेळात पैसा आणि धाडस वाढवत नेलं, कारण त्यांच्या मते संसाराला हेच लागतं. शेवटी लियमला विचारलं, त्याने नाही म्हटलं. ओंकार समजवायला गेला की त्याला काय आवडतं ते आपण वाढवलंच नाही, तर मावशी, "राहू दे रे. जेवत नाही, हसत नाही, असलं स्थळ मी माझ्या भाचीला पण सांगणार नाही." माझ्या मुलीला (म्हणजे गेममधल्या) जलपरी मिळाली. ह्यांनी कुणालाच विचारलं नाही, ते तोवर दुसरं सूप पीत होते.

गेमबद्दल माझं खरं मत म्हणाल तर एकट्याने खेळण्यात दम नाही. विनोद दाट आहेत, अमेरिकन टीव्ही आणि इंटरनेटचे संदर्भ भरलेत, त्यातले निम्मे डोक्यावरून जातात, आणि एकटं वाचत बसलं की ते जाणवतं. चौघात मात्र कुणालातरी कळतं आणि बाकीचे त्याच्यावर हसतात, काम होतं. प्रसंग इतके आहेत की परत खेळलं तरी नवीन काहीतरी निघतं. घरी घ्यायचा असेल तर कॉम्प्युटरसाठी स्टीम ह्या ऑनलाइन दुकानात आहे, सेलची वाट बघा, आणि निन्टेंडोच्या स्विचवर एक्सएक्सएल नावाने आहे ज्यात जादाचे भागही येतात. छोटा खेळ अर्ध्या तासात होतो, मोठ्याला तासभर लागतो, डेलीत छोटाच घ्या, कारण मालक एका तासाने खरंच पुढच्या ग्रुपला बसवतो, आणि आमच्याआधी ज्यांनी मोठा घेतला होता त्यांचा नाच व्हायच्या आतच कंट्रोलर गेला.

दोनतीन तक्रारी आहेत. टीव्हीवरची अक्षरं लांबच्या टेबलावरून दिसत नाहीत, तेव्हा फोनवर सांगून भिंतीजवळचं टेबल ठेवायला लावा. कंट्रोलर तेलकट असतात, पस्ट्रामी खाऊन दुसरं काय होणार, पुसायला ओला रुमाल देतात पण मागावा लागतो. आणि गेमच्या दिवशी किचन हळू चालतं, ऑर्डर आधी द्या मग खेळायला बसा.

गाडी मुख्य रस्त्यावर लावू नका, कुंभमेळ्याच्या कामासाठी कुठे खणलेलं असेल भरवसा नाही, गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे तिथे वॉचमन लावू देतो. रविवारी बेगल हवं असेल तर अकराच्या आत पोचा, नंतर फक्त मिसळीचं उरतं. पस्ट्रामी वजनावर पण मिळते, पाव किलो घरी आणली होती, ओंकारने ती सकाळी भाकरीत गुंडाळून वर लसणाची चटणी घालून खाल्ली आणि मालकाला फोटो पाठवला, अजून उत्तर आलेलं नाही.